एकाच पानाची वेगळी सजावट: जँगोमधली साइट असलेल्या ग्राहकांसाठी माहितीपत्रक

‘बाकी साइट आहे तशीच राहू द्या, फक्त दरपत्रकाचं पान तेवढं वेगळं दिसायला हवं.’ अशी मागणी आमच्याकडे सारखी येते. काम लहानच आहे. पण ते भलत्या जागी केलं, तर पुढे साइटला हात लावणाऱ्याची पंचाईत होते. म्हणून आम्ही ते कसं करतो, आणि तुमच्याकडचं कोणी टेम्पलेट (पानाचा साचा) उघडत असेल तर त्यानं काय सांभाळायचं, ते इथे सांगत आहोत.

जँगो हे फ्रेमवर्क, म्हणजे साइट बांधण्याची तयार चौकट, अमेरिकेतल्या कॅन्सस राज्यात, लॉरेन्स इथल्या एका वृत्तपत्राच्या कचेरीत तयार झालं आणि 2005 मध्ये सर्वांसाठी खुलं झालं. वृत्तपत्राची साइट म्हणजे पानं ढीगभर आणि सांगाडा एकच. तुमच्या साइटचंही तसंच आहे. ‘बेस’ नावाचं टेम्पलेट हे तुमचं लेटरहेड समजा: वर नाव आणि मेनू, खाली पत्ता, मधली जागा मोकळी. या मोकळ्या जागांना जँगोमध्ये ब्लॉक म्हणतात. प्रत्येक पान बेस टेम्पलेटवर उभं राहतं आणि आपल्याला हवे तेवढेच ब्लॉक भरतं.

असाच एक रिकामा ब्लॉक आम्ही हेडमध्ये, म्हणजे पानाच्या सुरुवातीच्या न दिसणाऱ्या भागात, सोडून ठेवतो आणि त्याला ‘एक्स्ट्रा सीएसएस’ असं नाव देतो. सीएसएस म्हणजे पानाच्या रंगरूपाचे नियम. दरपत्रकाच्या टेम्पलेटमध्ये तो ब्लॉक लिहून त्यात त्या पानाच्या सीएसएस फाइलची लिंक दिली, की काम झालं. इतर पानांवर तो रिकामाच राहतो, त्यामुळे ती फाइल तिथे उतरवलीही जात नाही.

हा ब्लॉक मुख्य सीएसएसच्या लिंकनंतरच हवा. सारख्या वजनाचे दोन नियम समोरासमोर आले, तर सीएसएसमध्ये नंतरचा नियम जिंकतो. ब्लॉक आधी असला तर पानाचे नियम लिहूनही लागू होत नाहीत, मग माणूस वैतागून प्रत्येक ओळीला ‘इम्पॉर्टंट’ (हाच नियम चालवा अशी सक्ती) चिकटवत सुटतो. एकदा ही सवय लागली की पुढची प्रत्येक दुरुस्ती म्हणजे कुस्ती. तीच गत टॅगमध्येच, म्हणजे पानातल्या मजकुराभोवतीच्या खुणेतच, ‘स्टाइल’ लिहिण्याची. सणाच्या एका दिवसाच्या पट्टीपुरतं ठीक, एरवी आम्ही ते टाळतो.

टेम्पलेट बदलणाऱ्यानं लक्षात ठेवायच्या गोष्टी फार नाहीत, पण त्यातल्या काही फसव्या आहेत. ‘एक्स्टेंड्स’ हा जँगोचा टॅग (पान कोणत्या टेम्पलेटवर उभं आहे ते सांगणारा) पानात सर्वांत आधी यायला हवा. ‘लोड स्टॅटिक’ (सीएसएससारख्या फाइलींचे पत्ते मिळवून देणारी ओळ) बेसमध्ये आहे म्हणून पानाला मिळत नाही, ते त्या टेम्पलेटमध्ये पुन्हा लिहावं लागतं. सर्वांत जास्त वेळ खाणारी चूक म्हणजे लिंक ब्लॉकच्या बाहेर लिहिणं: जँगो तक्रार करत नाही, ती लिंक गुपचूप गाळून टाकतो. ‘इन्क्लूड’ केलेल्या, म्हणजे दुसऱ्या फाइलमधून आणलेल्या, तुकड्यातून बेसचा ब्लॉक भरायला गेलात, तर तेही जमत नाही. आणि बेस व पान यांच्या मधल्या एखाद्या टेम्पलेटनं त्याच ब्लॉकमध्ये काही भरलेलं असेल, तर ‘ब्लॉक डॉट सुपर’ लिहिल्याशिवाय ते पुसलं जातं.

आता दरपत्रकच घ्या. ते पडद्यावर कमी आणि कागदावर जास्त वाचलं जातं. म्हणून त्याच्या फाइलमध्ये आम्ही छपाईसाठी वेगळे नियम लिहितो: कागद ए4, मेनू आणि बटणं गायब, रंगीत पार्श्वभूमी पांढरी, आणि तक्त्याची कुठलीही ओळ दोन पानांत तुटू नये अशी सूचना. तक्त्याच्या वरची ‘माल, नग, दर’ ही ओळ योग्य टॅगमध्ये असली, की बहुतेक ब्राउझर ती प्रत्येक छापील पानावर आपोआप पुन्हा देतात. एवढ्यासाठी वेगळी पीडीएफ करून घेण्याची गरज सहसा उरत नाही.

उलट, काही मागण्या एका पानाच्या वाटतात, पण तशा नसतात. इंग्रजी मथळ्यांना ऐटदार दिसावं म्हणून अक्षरांत अंतर दिलेलं असतं. तोच नियम मराठी मथळ्याला लागला की शिरोरेषा तुटते आणि शब्द विस्कटलेला दिसतो. ओळींमधलं अंतर कमी असेल तर वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या वेलांटीला भिडतो. ‘मराठी पान दुरुस्त करा’ असं तुम्ही सांगता, तेव्हा आम्ही त्या पानाला वेगळी फाइल देत नाही. पानाची भाषा टॅगमध्ये नोंदवतो आणि मराठी मजकुराचा नियम मुख्य सीएसएसमध्येच लिहितो. उद्या दुसरं मराठी पान आलं, तर तेही आपोआप नीट दिसतं.

फाइल सर्व्हरवर चढवण्याबद्दल थोडं. आमच्या रचनेत जँगो प्रत्येक सीएसएस फाइलच्या नावात तिच्या मजकुरावरून काढलेली खूण जोडतो. मजकूर बदलला की नाव बदलतं, त्यामुळे ग्राहकाच्या ब्राउझरमध्ये जुनी फाइल अडकून बसत नाही. पण त्यासाठी ‘कलेक्टस्टॅटिक’ ही, अशा फाइली एका जागी गोळा करणारी, आज्ञा चालवून साइट पुन्हा सुरू करावी लागते. जुनी फाइल बदलून हे विसरलात तर जुनंच रूप दिसत राहतं. नवी फाइल जोडून विसरलात, तर ते पान उघडतच नाही, 500 ही चूक दिसते. आपल्या संगणकावर डीबग (काम करताना चुका शोधण्याची सोय) चालू असल्यामुळे यातलं काहीच जाणवत नाही. म्हणूनच ‘माझ्याकडे तर चालतंय’ हे वाक्य आम्ही पुरावा मानत नाही.

मागणी पाठवताना पानाचा पत्ता, मोबाइलवरचा एक आणि संगणकावरचा एक असे दोन स्क्रीनशॉट, आणि ते पान छापलं जातं का, एवढं कळवा. तीच सजावट आणखी कुठल्या पानावर लागणार असेल तर तेही आधीच सांगा, कारण मग ती फाइल कुठे ठेवायची हेच बदलतं.