राष्ट्रीय हस्तशिल्प पुरस्कार: लाकडी कोरीवकाम करणाऱ्या कारागिराने अर्ज कसा करावा आणि निवड कशी होते

कोरीवकाम संपले, पॉलिश चढले, आता पुरस्काराचा अर्ज भरू, असे म्हणणाऱ्या कारागिराला बहुतेक वेळा उशीर झालेला असतो. राष्ट्रीय हस्तशिल्प पुरस्कारासाठी वस्तू तर लागतेच, पण ती तुमच्याच हाताने घडली याचा पुरावाही लागतो आणि तो वस्तू घडत असतानाच गोळा करावा लागतो. फळीवर पहिली रेघ मारल्याचा दिवस पुन्हा येत नाही. म्हणून ही माहिती जाहिरात निघाल्यावर नव्हे, लाकूड निवडायच्या आधी वाचा.

हा पुरस्कार केंद्रीय वस्त्रोद्योग मंत्रालयाच्या विकास आयुक्त (हस्तशिल्प) कार्यालयाकडून दिला जातो. त्याची सुरुवात १९६५ साली झाली. १९५२ मध्ये अखिल भारतीय हस्तकला मंडळ स्थापन झाले होते. त्याच्या पन्नाशीच्या निमित्ताने २००२ पासून ‘शिल्पगुरू’ हा त्याहून वरचा सन्मान सुरू झाला. दोन्हींमध्ये रोख रक्कम, ताम्रपट, शाल आणि प्रमाणपत्र मिळते, शिल्पगुरूला सुवर्णनाणेही. लाकडासाठी वेगळी स्पर्धा नसते. धातू, दगड, माती, बांबू, चित्र अशा सगळ्या कलांबरोबर तुमची वस्तू मांडली जाते. लाकडातसुद्धा काश्मीरचे अक्रोडावरचे काम, सहारनपूरचे शिसमवरचे काम, म्हैसूरचे जडावकाम (लाकडात दुसरे साहित्य बसवून केलेली नक्षी) अशा पिढ्यान्‌पिढ्या नावाजलेल्या परंपरा शेजारी असतात.

याचा अर्थ महाराष्ट्रातल्या कारागिराने घाबरावे असा नाही. आपली स्वतःची भाषा घेऊन जावे, असा आहे. पुण्याच्या विश्रामबाग वाड्याचे (१८०७) दर्शनी लाकूडकाम पाहा: सुरूच्या झाडासारखे निमुळते खांब, वर केळफुलाची नक्षी. असा नमुना सहारनपुरात नाही. सावंतवाडीची लाकडी खेळणी, फळे, रंगवलेले पाट ही आणखी वेगळी वाट. दुसऱ्या प्रांतातली वेलबुट्टी कितीही सफाईने उतरवली, तरी ती मूळ जागेच्या कामाशेजारी ठेवली की उसनी दिसते. मला वाटते, आपल्याकडचे अनेक चांगले हात इथेच मागे पडतात.

पात्रता

राष्ट्रीय पुरस्कारासाठी कारागीर भारतात राहणारा, वयाची तीस वर्षे पूर्ण केलेला आणि हस्तकलेत किमान दहा वर्षांचा अनुभव असलेला हवा. पूर्वी राष्ट्रीय पुरस्कार किंवा शिल्पगुरू मिळालेल्यांना पुन्हा या पुरस्कारासाठी अर्ज करता येत नाही. शिल्पगुरूसाठी वय किमान पन्नास आणि अनुभव वीस वर्षांचा. शिवाय आधीचा राष्ट्रीय किंवा राज्य पुरस्कार, नाहीतर असामान्य कौशल्य ही अपेक्षा असते. वय कोणत्या तारखेला मोजायचे ते त्या वर्षीच्या जाहिरातीत दिलेले असते. ती तारीख बघितल्याशिवाय फॉर्मला हात लावू नका.

आणखी एक विभाग तरुणांनी लक्षात ठेवावा, तो म्हणजे डिझाइनमधील नावीन्याचा. त्यात डिझायनर आणि कारागीर मिळून काम सादर करतात. कला महाविद्यालयात शिकलेली मुलगी आणि गावात कोरीवकाम करणारे तिचे काका, अशी जोडी इथे छान जमू शकते.

पहचान कार्ड आधी

सगळ्यात पहिला कागद म्हणजे विकास आयुक्त (हस्तशिल्प) कार्यालयाचे कारागीर ओळखपत्र, ज्याला सगळे ‘पहचान कार्ड’ म्हणतात. ते आधारशी जोडलेले असते. त्यावर तुमची कला कोणती हे नोंदलेले असते आणि तुम्ही ते काम खरोखर करता का, याची पडताळणी हस्तशिल्प सेवा केंद्राचे कर्मचारी करतात. कार्डावर कलेचे नाव ‘लाकडी कोरीवकाम’ असे नीट नोंदवून घ्या. ते चुकले, तर पुढे प्रत्येक कागदावर खुलासा देत बसावे लागते.

इथे एक गोंधळ मी वारंवार पाहिला आहे. सप्टेंबर २०२३ पासून सुरू झालेल्या पीएम विश्वकर्मा योजनेचे प्रमाणपत्र आहे, म्हणजे पहचान कार्डाची गरज नाही, असे बऱ्याच जणांना वाटते. तसे नाही. विश्वकर्मा योजना अठरा व्यवसायांसाठी आहे. सुतारकाम त्यात येते आणि प्रशिक्षण, अवजारांसाठी मदत, सवलतीचे कर्ज यांसाठी ती उपयोगी आहे. पण तिचा विभाग वेगळा, कागद वेगळा. दोन्ही काढून ठेवा, एकाच्या जागी दुसरे लावू नका.

अनुभव सिद्ध करायचा कसा

दहा वर्षांचा अनुभव हा सुताराच्या घरात जन्मलेल्या माणसासाठी सर्वांत सोपा आणि सिद्ध करायला सर्वांत अवघड मुद्दा. वडिलांच्या हाताखाली बाराव्या वर्षी पटाशी धरली, याची पावती कोण देणार? म्हणून जे मिळेल ते जमवायला लागा: प्रदर्शनात स्टॉल मिळाल्याची पत्रे, प्रशिक्षण दिल्याचे किंवा घेतल्याचे दाखले, जुन्या ऑर्डरची बिले, देवस्थानाने मखर किंवा पालखीचे काम दिल्याचे पत्र, वर्तमानपत्रातली कात्रणे, जिल्हा किंवा राज्य पातळीवरची प्रमाणपत्रे. देवळाच्या विश्वस्तांना विनंती केली, तर ते काम कोणत्या साली झाले याचे पत्र आनंदाने देतात. फक्त ते त्यांच्या लेटरहेडवर, सही-शिक्क्यासह घ्या.

याशिवाय आधार, वयाचा पुरावा, पासपोर्ट आकाराचे फोटो, बँक पासबुकाची प्रत, लागू असल्यास जातीचा किंवा दिव्यांगत्वाचा दाखला. नाव सगळीकडे एकसारखे हवे. आधारवर आडनाव आहे आणि जुन्या प्रमाणपत्रावर नुसते वडिलांचे नाव, असे असेल तर आधी ते दुरुस्त करा. त्याला कोरीवकामापेक्षाही जास्त वेळ लागू शकतो.

अर्जासोबत प्रतिज्ञापत्र द्यावे लागते. वस्तू मी स्वतः घडवली आहे आणि दिलेली माहिती खरी आहे, हा त्याचा गाभा. दुकानातल्या चार कारागिरांनी मिळून केलेली वस्तू मालकाच्या नावाने पाठवू नका. कायद्याची भीती आहेच, पण ज्याने कोरले त्याच्या वाट्याचे नाव हिरावून घेणे हे त्याहून मोठे पाप आहे.

घडतानाचे फोटो आणि चित्रफीत

वस्तू घडण्याच्या टप्प्यांचे फोटो आणि चित्रफीत हा अर्जाचा सर्वांत मोलाचा भाग आहे. लाकडाची फळी, त्यावरचे रेखाटन, पहिली खोदाई, उठाव काढणे, बारीक काम, घासकाम, शेवटचा हात. प्रत्येक टप्प्यात तुमचा चेहरा आणि हात दोन्ही एकाच चौकटीत दिसले पाहिजेत. नुसत्या हातांचे फोटो कोणाचेही असू शकतात. मोबाइल एका जागी टेकवून ठेवा, खिडकीचा उजेड बाजूने येऊ द्या. समोरून आलेल्या उजेडात कोरीवकाम सपाट दिसते. रोज काम संपल्यावर एक फोटो काढायची सवय लावलीत, तर सहा महिन्यांच्या कामाची अख्खी गोष्ट तयार होते.

तयार वस्तूचे फोटो मात्र साध्या, एकरंगी पार्श्वभूमीवर काढा. समोरून, दोन्ही बाजूंनी, मागून, आणि शेजारी पट्टी ठेवून एक. अर्जात लिहिलेली लांबी-रुंदी-उंची वस्तूशी तंतोतंत जुळायला हवी.

लाकूड

ज्या लाकडाची पावती नाही, त्यावर सहा महिने घालवू नका. साग परवानाधारक वखारीतून घ्या आणि बिल जपून ठेवा. जुन्या वाड्याचे तुळई-दार घेतले असेल, तर विकणाऱ्याकडून तसे लिहून घ्या. चंदन किंवा रक्तचंदन वापरायचे असेल, तर कायदेशीर खरेदीच्या कागदांशिवाय विचारच करू नका. हस्तिदंताच्या जडावाला तर जागाच नाही. जुन्या पद्धतीचे पांढरे जडावकाम करायचे असेल, तर दुसरे साहित्य निवडा आणि अर्जात ते स्पष्ट लिहा.

दुसरी गोष्ट ओलाव्याची. कोकणातल्या पावसाळ्यात कोरलेली वस्तू हिवाळ्यात दिल्लीला गेली, की तिथल्या कोरड्या हवेत लाकूड आकसते. लाकडाच्या अंगच्या रेषांच्या लांबीच्या दिशेने ते जवळजवळ हलत नाही, पण आडव्या दिशेने चांगलेच हलते. त्यामुळे सांधे उघडतात, चेहऱ्यावरून तडा जातो. हवेत वाळवलेल्या लाकडाला जाडीच्या दर इंचामागे साधारण एक वर्ष द्यावे, असा जुना ठोकताळा आहे. जाड मूर्तीसाठी मागून पोकळ कोरून घ्यायची पद्धत याच कारणाने आली. अर्जाच्या घाईत ओले लाकूड घेऊ नका.

निवड कशी होते

निवड तीन टप्प्यांत होते. आधी प्रादेशिक पातळीवरची समिती अर्ज आणि वस्तू पाहते, मग मुख्यालयाची समिती, आणि शेवटी केंद्रीय निवड समिती. पहिल्या टप्प्यात कागद अपुरे असतील, तर वस्तू कितीही सुंदर असली तरी ती पुढच्या समितीच्या टेबलापर्यंत पोचतच नाही. शंका असेल, तर तुमचे काम प्रत्यक्ष करून दाखवायला सांगितले जाऊ शकते. खऱ्या कारागिराला याची भीती नसावी. उलट ती त्याची संधी आहे.

आता परीक्षकाची नजर कुठे जाते ते पाहू. आज सर्वांत पहिला प्रश्न असतो, हे हाताने केले की संगणकाने चालणाऱ्या यंत्राने? यंत्राची खूण खोदलेल्या भागाच्या तळाशी असते. तिथे सारख्या अंतरावर बारीक गोलसर ओळी राहतात आणि खोली सगळीकडे एकसारखी असते. दोन बाजूंची पाने हुबेहूब आरशातल्यासारखी येतात. उभ्या धुऱ्यावर वरून खाली चालणाऱ्या साध्या यंत्राला पाकळीच्या मागे वळून, आतून पोखरता येत नाही. पटाशीला ते येते. म्हणून आतून सोडवलेली पाने, मागून मोकळी झालेली बोटे, जाळीच्या आत दिसणारी दुसरी जाळी ही हाताची साक्ष ठरते. ओबडधोबड काम यंत्राने करून घेऊन वरून हात फिरवणारे आहेत. अर्जात तसे लिहिले नाही आणि पुढे ते उघड झाले, तर नाव कायमचे जाते.

दुसरी नजर रेषांकडे. लाकडाच्या रेषा आकृतीच्या बाजूने वाहतात की तिला छेद देतात? नाकाची लांबी रेषांच्या दिशेने असली, की टोक टिकते आणि सुंदरही दिसते. आडवी गेली, तर पहिल्या धक्क्याला तुटते. तिसरी नजर मागच्या बाजूला. परीक्षक वस्तू उलटी करून पाहतात. मागची बाजू घासलेली नाही, सांध्यात भुशाचे पुटिंग भरले आहे, तुटलेले बोट डिंकाने चिकटवले आहे, हे सगळे तिथेच कळते. जाड चकचकीत पॉलिशने दोष झाकले जात नाहीत. उलट कोरलेल्या कडा बुजतात. पातळ शेलॅक (लाखेचे पॉलिश) किंवा मेण पुरे.

मग येते कल्पना. परंपरेचे नमुने हुबेहूब उतरवणाऱ्या हातापेक्षा, त्याच नमुन्यांतून काहीतरी स्वतःचे सांगणारा हात लक्षात राहतो. अर्जात वस्तूबद्दल थोडे लिहायला जागा मिळाली, तर ‘अत्यंत सुंदर कलाकृती’ असले शब्द टाळा. नमुना कुठून घेतला, त्यात काय बदलले, किती दिवस लागले, कोणती अवजारे वापरली, एवढे साध्या भाषेत लिहा. मराठीत लिहून कोणाकडून तरी हिंदीत करून घ्या.

पाठवताना

धीर धरावा लागतो. २०१७, २०१८ आणि २०१९ या तीन वर्षांचे पुरस्कार नोव्हेंबर २०२२ मध्ये एकत्र दिले गेले. तेव्हा गिऱ्हाइकाला कबूल केलेली किंवा गणपतीला लागणारी वस्तू स्पर्धेला पाठवू नका. पुरस्कार मिळालेल्या आणि साठी ओलांडलेल्या, कमी उत्पन्नाच्या कारागिरांसाठी मासिक आर्थिक साहाय्याची योजनाही आहे, हे घरातल्या वडीलधाऱ्यांच्या नावाने विचार करताना ध्यानात ठेवा.

खोके प्लायवुडचे करा. झाकणाला खिळे नकोत, स्क्रू हवेत, कारण ते प्रत्येक समितीपुढे उघडले जाणार आणि पुन्हा बंद होणार. आत फोमचे दोन थर घाला. नाजूक टोकांवर कोणताही भार येऊ देऊ नका. खोक्याच्या आत आणि बाहेर नाव, पत्ता, पहचान क्रमांक आणि वस्तूचे नाव चिकटवा. वस्तू कशी काढायची आणि परत कशी ठेवायची, याचे चित्र झाकणाच्या आतल्या बाजूला लावा. कार्यालयात देताना खोके उघडून, अधिकाऱ्यासमोर वस्तूचा फोटो काढा आणि तारखेसह पोच घेतल्याशिवाय तिथून हलू नका.