तासाचा हिशेब आणि प्राध्यापकाची खुर्ची

1900 साली स्टॅनफर्ड विद्यापीठातल्या एडवर्ड रॉस या प्राध्यापकाला राजीनामा द्यावा लागला. त्याची मतं संस्थापकाच्या पत्नी जेन स्टॅनफर्ड यांना खपली नाहीत. (आशियाई मजुरांविषयीची त्याची मतं आजही कुणाला खपू नयेत, पण तो मुद्दा वेगळा.) निषेध म्हणून तत्त्वज्ञानाचे प्राध्यापक आर्थर लव्हजॉय यांनीही तिथली नोकरी सोडली. पुढे 1915 मध्ये त्यांनी आणि तत्त्वज्ञ जॉन ड्युई यांनी अमेरिकी प्राध्यापकांची संघटना उभी केली, आणि नोकरीच्या हमीची मागणी तिथून रेटली गेली.

गंमत अशी की कारखान्यातलं घड्याळ त्याआधीच वर्गात शिरलं होतं. 1910 मध्ये कार्नेगी फाउंडेशनसाठी मॉरिस कुक या अभियंत्याने अहवाल लिहिला. कारखान्यातलं काम घड्याळ लावून मोजणाऱ्या फ्रेडरिक टेलरच्या तालमीतला हा माणूस. त्याने मोजमापाचं एकक काढलं ‘विद्यार्थी-तास’: एका विद्यार्थ्याला मिळालेलं एक तासाचं शिक्षण. वर्गात तीस मुलं बसली की तासाला तीस एककं, आणि त्यावरून खर्चाचा हिशेब. कायम नोकरीची कल्पना त्याला अर्थातच पटत नव्हती.

तरीही या संघटनेच्या 1940 च्या निवेदनात प्राध्यापकांची बाजू टिकली. परिविक्षा जास्तीत जास्त सात वर्षं, मग कायम. पण या सात वर्षांत माणूस पारखायचा कशावर, तर मोजता येईल त्यावर. आणि शोधनिबंध मोजायला सगळ्यात सोपे.

खरा घाव ब्रिटनमध्ये बसला. विद्यापीठांच्या कारभारावरच्या 1985 च्या जॅरट समितीने कुलगुरूला कंपनीच्या मुख्य कार्यकारी अधिकाऱ्यासारखं पाहिलं. 1988 च्या कायद्याने 20 नोव्हेंबर 1987 पासून नेमलेल्यांचं कायम नोकरीचं संरक्षण काढलं. बढती घेतलेल्यांचंही! म्हणजे जुन्या व्याख्यात्याला वरची खुर्ची हवी, तर हमी सोडून बसायचं.

आपल्याकडे कायम प्राध्यापकांची नोकरी शाबूत राहिली, पण 2010 मध्ये यूजीसीने (विद्यापीठ अनुदान आयोगाने) बढतीसाठी एपीआयचे, म्हणजे शैक्षणिक कामगिरी मोजणारे, गुण आणले. निबंधाला इतके, चर्चासत्राला इतके. पैसे घेऊन काहीही छापणाऱ्या जर्नलांचं पीक आलं. 2018 मध्ये यूजीसीलाच आपल्या मान्य जर्नलांच्या यादीतून चार हजारांवर नावं काढावी लागली.

आणि महाराष्ट्रात जागा रिकाम्या ठेवून भरलेले सीएचबीवाले, म्हणजे ‘क्लॉक अवर बेसिस’वरचे, तासिका तत्त्वावरचे प्राध्यापक? त्यांना पगार नाही, मानधन: घेतलेल्या तासिका मोजायच्या, बिल लावायचं, मंजुरीची वाट पाहायची. इथे कुकचा हात नाही, हे कबूल. पण ते बिल पाहून तो नक्की खूश झाला असता.