पार्श्वभूमी : ‘बंदी’ आलेला बूट आणि जाहिरातीतला खेळाडू

स्पोर्ट्स शूजच्या जाहिरातीत नामवंत खेळाडू दिसणं आता अंगवळणी पडलं आहे. खेळाडू धावतो, घाम गाळतो, शेवटी पडद्यावर कंपनीची खूण येते. बूट चांगला आहे असं तो एकदाही म्हणत नाही. न बोलता पटवून देण्याची ही रीत प्रामुख्याने १९८४ ते १९९३ या काळात अमेरिकेतल्या बास्केटबॉलच्या आधाराने घडली. आपल्याकडे क्रिकेटपटूंशी होणारे करारही त्याच वळणाचे असतात. म्हणून इथे त्या दशकाला जास्त जागा दिली आहे.

आधीचा काळ थोडक्यात. कॉन्व्हर्सच्या कॅनव्हास बुटावर १९३०च्या दशकात चक टेलर हे नाव आलं. टेलर बास्केटबॉल खेळलेला होता, पण होता कंपनीचा विक्रेता. गावोगाव शिबिरं घेऊन तो खेळ शिकवायचा आणि बूटही खपवायचा. १९३६च्या बर्लिन ऑलिम्पिकमध्ये अमेरिकी धावपटू जेसी ओवेन्सने जर्मनीतल्या डासलर बंधूंचे स्पाइक्स (तळाला खिळे असलेले बूट) वापरले. पुढे हे भाऊ वेगळे झाले आणि आदिदास व प्यूमा अशा दोन कंपन्या उभ्या राहिल्या. १९७०च्या फुटबॉल विश्वचषकात सामना सुरू होण्याआधी पेले खाली वाकून बुटाची नाडी बांधू लागला आणि जगभरच्या कॅमेऱ्यांनी त्याचे प्यूमाचे बूट टिपले. या सगळ्यांत खेळाडूची भूमिका साक्षीदाराची होती. मी हे वापरतो, मग हे चांगलं असणार, एवढाच त्याचा आधार.

१९८४मध्ये हे बदललं. तोपर्यंत बास्केटबॉलमध्ये कॉन्व्हर्सचं राज्य होतं. एनबीए या अमेरिकेतल्या व्यावसायिक लीगमधले सगळ्यात मोठे तारे तिच्याकडे होते, पण ते सगळे साधारण एकच बूट घालत. नाइकी धावण्याच्या बुटांतून वर आलेली कंपनी. तिने लीगमध्ये एकही सामना न खेळलेल्या मायकेल जॉर्डनशी पाच वर्षांचा करार केला. रक्कम वर्षाला सुमारे पाच लाख डॉलर होती असं सांगितलं जातं. त्याहून महत्त्वाची होती ती स्वतंत्र बुटाची अट. बूट त्याचा, नाव त्याचं (एअर जॉर्डन) आणि विक्रीत वाटाही त्याचा. खेळाडू इथे साक्षीदार राहिला नाही, तोच माल झाला.

आता त्या गाजलेल्या ‘बंदी’बद्दल. जॉर्डनच्या बुटावर लीगने बंदी घातली, अशी ती कथा. याच्याबद्दल सगळ्यात जास्त बोललं जातं आणि सगळ्यात जास्त चुकीचंही बोललं जातं.

१९८५मध्ये टीव्हीवर एक छोटी जाहिरात आली. जॉर्डन स्तब्ध उभा आहे, चेंडू एका हातातून दुसऱ्या हातात टाकतो आहे. कॅमेरा चेहऱ्यापासून हळूहळू खाली येतो आणि पायांपर्यंत पोहोचताच बुटांवर काळ्या पट्ट्या धाडकन येऊन बसतात. निवेदक सांगतो की, १५ सप्टेंबरला नाइकीने एक क्रांतिकारी बूट तयार केला, १८ ऑक्टोबरला लीगने तो मैदानाबाहेर काढला, पण सुदैवाने तुम्ही तो घालण्यावर लीग बंदी आणू शकत नाही. जाहिरात इथेच संपते. बुटाच्या तळव्याबद्दल, पकडीबद्दल, आतल्या मऊ गादीबद्दल एक अक्षर नाही. विकली जाते ती मोडायला हवी अशी एक मनाई.

प्रत्यक्षात काय झालं होतं? लीगचा नियम गणवेशाच्या एकसारखेपणाचा होता. बूट संघाच्या गणवेशाशी आणि सहकाऱ्यांच्या बुटांशी जुळायला हवेत, असा त्याचा रोख होता. १९८४च्या ऑक्टोबरमध्ये, मुख्य हंगाम सुरू होण्याआधीच्या सामन्यांत, जॉर्डन लाल-काळे बूट घालून उतरला आणि लीगने हरकत घेतली. २५ फेब्रुवारी १९८५ या तारखेचं लीगच्या एका अधिकाऱ्याचं पत्र आहे. १८ ऑक्टोबरच्या सुमारास जॉर्डनने घातलेले ‘लाल-काळे नाइकी बूट’ नियमात बसत नाहीत, असं ते कळवतं. पत्रात एअर जॉर्डन हे नाव नाही. दंडाचा आकडाही नाही. प्रत्येक सामन्याला पाच हजार डॉलर दंड आणि तो कंपनीने हसत भरला, ही कथा पुढे हजारदा सांगितली गेली. तिचा आधार हे पत्र नाही.

याहून मोठा गुंता बुटाचाच आहे. बुटांच्या जुन्या जोड्या आणि त्या काळातली छायाचित्रं जमवणाऱ्या अभ्यासकांनी दाखवून दिलं आहे की, त्या ऑक्टोबरमध्ये जॉर्डनच्या पायात बहुधा एअर शिप नावाचा नाइकीचा दुसराच बूट होता. एअर जॉर्डन तेव्हा पुरता तयार झाला नव्हता. लाल-काळा एअर जॉर्डन घालून तो फेब्रुवारी १९८५मध्ये डंक स्पर्धेत (उंच उडी मारून चेंडू थेट जाळीत घालण्याच्या स्पर्धेत) उतरला. नेहमीच्या सामन्यांत मात्र पांढरा रंग जास्त असलेली, नियमात बसणारी जोडी त्याच्या पायात दिसते. म्हणजे हरकत एका बुटाला आणि जाहिरात दुसऱ्याची.

माझ्या मते याला निव्वळ फसवणूक म्हणणं पुरेसं नाही, आणि ‘हुशार मार्केटिंग’ म्हणून सोडून देणं तर साफ चूक आहे. गणवेशाच्या रंगाबद्दलची एक कार्यालयीन हरकत होती. तिला प्रस्थापितांविरुद्ध उभ्या राहिलेल्या तरुणाच्या कथेचं रूप देण्यात आलं. पासष्ट डॉलरचा बूट घेणाऱ्या पोराला त्या कथेत जागा मिळाली. पहिल्या वर्षातच विक्री दहा कोटी डॉलरच्या पुढे गेली. कंपनीने २०११मध्ये याच रंगसंगतीचा बूट टाचेवर फुलीची खूण छापून पुन्हा बाजारात आणला. ज्यांचा जन्मही १९८५मध्ये झाला नव्हता, त्यांनी रांगा लावून तो घेतला.

पुढची पायरी १९८०च्या दशकाच्या शेवटी आली. न्यू यॉर्कमधल्या ब्रुकलिनच्या एका तरुण दिग्दर्शकाने स्वतःच्याच चित्रपटातलं एक चाहत्याचं पात्र जाहिरातींत आणलं. जाड चष्मा, सायकलवाल्याची टोपी, अखंड बडबड. तो जॉर्डनला विचारत सुटतो की, तुझी कमाल नेमकी कशात आहे? बुटांतच ना? जॉर्डन शांतपणे नाही म्हणतो. चाहता पुन्हा म्हणतो, बूटच असणार! इथे पटवण्याचं काम वाटून दिलेलं आहे. अतिशयोक्तीचा दावा चाहत्याने करायचा आणि नकार खेळाडूने द्यायचा. त्यामुळे खेळाडूचा प्रामाणिकपणा शाबूत राहतो आणि प्रेक्षकाच्या कानात मात्र चाहत्याचं वाक्य घुमत राहतं. कायद्याच्या अंगानेही हे सोयीचं होतं, कारण बुटाने उंच उडता येतं असं कंपनी कुठे म्हणते?

याच काळात अमेरिकेतल्या शहरांत महागड्या बुटांसाठी मुलांवर हल्ले झाले, काहींचे जीवही गेले. १९९०मध्ये एका मोठ्या क्रीडा साप्ताहिकाने मुखपृष्ठावरच हा विषय घेतला. दोष एकट्या जाहिरातीवर टाकता येणार नाही, गरिबी आणि बंदुका तिथे आधीपासून होत्या. पण ज्या वस्त्यांतल्या मुलांना ही स्वप्नं सगळ्यात जोरात दाखवली गेली, त्यांच्या खिशाला ती परवडत नव्हती, हे त्या कंपन्यांना माहीत नसणं शक्य नव्हतं. १९९३मध्ये चार्ल्स बार्कली या बास्केटबॉलपटूने नाइकीच्याच जाहिरातीत, मी कुणाचा आदर्श नाही, मुलांना वाढवणं आईवडिलांचं काम आहे, असं कॅमेऱ्यात बघून सांगितलं. ते खरंच होतं. तरी त्या सच्चेपणानेही बूटच विकले गेले.

डाव उलटलेलंही एक उदाहरण आहे. १९९२मध्ये रिबॉकने डॅन आणि डेव्ह या दोन डिकॅथलॉनपटूंमध्ये (डिकॅथलॉन म्हणजे दहा प्रकारांची मैदानी स्पर्धा) बार्सिलोना ऑलिम्पिकचं सुवर्ण कोण जिंकणार, यावर मोठी मोहीम उभारली. डॅन अमेरिकेच्या निवड चाचणीतच पोल व्हॉल्टमध्ये (बांबूच्या आधाराने घ्यायच्या उंच उडीत) अडकला आणि ऑलिम्पिकला गेलाच नाही. डेव्हला कांस्यपदक मिळालं. नाइकीने १९९७मध्ये अपयशालाच विषय केलं. हुकलेले नऊ हजारांहून जास्त नेम आणि हरलेले जवळपास तीनशे सामने जॉर्डन स्वतःच्या आवाजात मोजतो. त्यातही बुटाबद्दल शब्द नाही.

भारतात १९९०च्या दशकात या परदेशी कंपन्या आल्या आणि थेट क्रिकेटपटूंकडे वळल्या. सचिन तेंडुलकर आदिदासकडे होता, महेंद्रसिंह धोनी रिबॉककडे. २००७च्या आसपासची नाइकीची एक जाहिरात मला यांतली सगळ्यात चांगली वाटते. वाहतूक कोंडीत अडकलेल्या बसगाड्यांच्या टपांवर पोरं क्रिकेट खेळतात आणि मागे जुनं कोकणी गाणं वाजतं. राष्ट्रीय संघातले खेळाडू त्यात क्षणभरच दिसतात. २०१७मध्ये विराट कोहलीने प्यूमाशी आठ वर्षांचा करार केला. बातम्यांतली रक्कम सुमारे ११० कोटी रुपये होती. त्यात त्याच्या नावाचा स्वतंत्र ब्रँडही होता. १९८४च्या करारातली मुख्य कल्पना इथे जशीच्या तशी आली.

कायदा बराच उशिरा आला. २०१९च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीसाठी तिच्यात झळकणाऱ्या नामवंतालाही दहा लाखांपर्यंत दंड होऊ शकतो, पुन्हा केल्यास पन्नास लाखांपर्यंत. शिवाय वर्षभर, पुढे तीन वर्षांपर्यंत, जाहिराती करायला मनाई होऊ शकते. अमेरिकेत २०११ आणि २०१२मध्ये दोन कंपन्यांना अनुक्रमे अडीच कोटी आणि चार कोटी डॉलरवर तडजोड करावी लागली. चालता चालता स्नायू घट्ट होतील असे दावे त्यांनी बुटांबद्दल केले होते. दोन्हीकडे पकडता येतो तो मोजता येणारा दावा. काळ्या पट्ट्यांच्या त्या जाहिरातीत बुटाच्या गुणांबद्दल असा एकही दावा नव्हता.