टोपलीतले खेकडे आणि हातावरचा पेढा

कबुली आधीच देऊन टाकतो. माझ्या एका मित्राची कथा मराठी कथांच्या एका अ‍ॅपवर पहिल्या क्रमांकावर गेली. कोथरूडच्या घरी, रात्री साडेअकराला गॅलरीत उभा राहून मी ती वाचली. कथा चांगली होती. म्हणजे इतकी, की शेवटची दोन पानं मी परत वाचली. मग तारे द्यायची वेळ आली आणि अंगठा पाचव्याकडे न जाता चौथ्यावर टेकला. त्याच आठवड्यात साताऱ्याच्या कुणा अनोळखी बाईंच्या अगदी बेताच्या कथेला मी पाच तारे दिले होते, वर 'अप्रतिम!' असंही ठोकून दिलं होतं.

परक्याला पाच आणि मित्राला चार. हा हिशेब माझ्या एकट्याचा नाही, एवढंच समाधान. अब्राहम टेसर या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने एका सहकाऱ्याबरोबर १९८० साली शब्द ओळखण्याच्या खेळावर एक प्रयोग प्रसिद्ध केला. खेळणाऱ्यांना आधी सांगितलं गेलं की तुमची कामगिरी यथातथाच झाली. मग त्यांनी इतरांना क्लू द्यायचे होते, सोपे की अवघड हे त्यांच्या मर्जीवर. 'हा नुसता खेळ आहे' असं सांगितलेल्यांनी मित्रांना सोपे क्लू दिले. 'यातून तुमची बुद्धी कळते' असं सांगितलेल्यांनी मात्र मित्रांना परक्यांपेक्षा अवघड क्लू दिले. आपण ज्या गोष्टीत स्वतःला काहीतरी समजतो, तिथे जवळचा माणूस पुढे गेला की जास्त टोचतं. मित्र उद्या बुद्धिबळात ग्रँडमास्टर झाला तर मी गल्लीभर सांगत फिरेन, कारण बुद्धिबळ मला येत नाही. पण कथा मीही लिहितो ना!

या टोचण्याला आपल्या भाषेत शब्दांची कमी नाही. आणि त्या शब्दांमध्ये एक बारीक फरक आपण नकळत पाळतो. 'हेवा वाटावा असा संसार' हे कौतुक आहे. 'मत्सर वाटावा असा संसार' असं कुणी म्हणत नाही. मत्सर षड्रिपूंमध्ये सहाव्या क्रमांकावर बसलाय, हेवा त्या यादीतच नाही. डच भाषेतही असेच दोन शब्द आहेत, 'बेनेइडन' आणि 'आफखुन्स्ट'. नेदरलँड्सच्या नील्स व्हॅन डे व्हेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००९ साली दाखवलं की या दोन वेगळ्या भावना आहेत आणि इंग्रजीसारख्या एकाच शब्दावर भागवणाऱ्या भाषेतली माणसंही त्या वेगवेगळ्या अनुभवतात. पहिलीत आपण वर चढायला बघतो, दुसरीत समोरच्याला खाली ओढायला. कुठली वाट धरायची हे बरंचसं एका प्रश्नावर ठरतं: त्याला मिळालं ते त्याच्या लायकीचं होतं का?

अ‍ॅपवरची गोची इथेच सुरू होते. एखादी कथा वर का गेली हे लिहिणाऱ्यालाही धड माहीत नसतं. परीक्षक दिसत नाहीत, निकष दिसत नाहीत, दिसतो फक्त आकडा. मग 'याचा काहीतरी वशिला असणार' हे म्हणायला मन मोकळं. कॉलेजात असताना आम्ही दोघं पुरुषोत्तम करंडकाला एकाच एकांकिकेत होतो. भरत नाट्य मंदिरात हरलो तेव्हा परीक्षकांना मनसोक्त शिव्या घातल्या, पण जिंकलेली एकांकिका त्याच रंगमंचावर डोळ्यांनी पाहिली होती. त्यामुळे रात्री टपरीवर चहा पिता पिता 'साले भारी होते' हेही निघालं तोंडून.

मेंदूत काय होतं? २००९ सालीच जपानच्या हिदेहिको ताकाहाशी यांच्या गटाने १९ जणांना मेंदूचं चित्रण करणाऱ्या यंत्रात झोपवून, त्यांच्याहून सरस अशा काल्पनिक माणसांची वर्णनं वाचायला दिली. सरस माणूस त्यांच्याच क्षेत्रातला असला की हेवा जास्त आणि मेंदूच्या पुढच्या भागातला अँटेरियर सिंग्युलेट कॉर्टेक्स हा पट्टाही जास्त चेतलेला. शारीरिक वेदना होताना जे भाग जागे होतात त्यांतला हा एक. मग त्याच सरस माणसावर काही संकट आल्याचं वाचलं, तेव्हा बक्षीस मिळाल्यावर उजळणारा व्हेंट्रल स्ट्रायटम हा भाग उजळला. आधी ज्यांचा हेव्याचा पट्टा जास्त तापला होता, त्यांना नंतरचा आनंदही जास्त. अर्थात हा पट्टा इतर डझनभर कामंही करतो, तेव्हा 'हेव्याचं केंद्र सापडलं' असं म्हणू नये. पण 'त्याचं चांगलं झालं की याच्या पोटात दुखतं' असं म्हणणाऱ्या आपल्या आज्या फार चुकत नव्हत्या. जागा थोडी वर, एवढंच.

आता खेकडे. मराठी माणसाच्या टोपलीला झाकण लागत नाही, एक वर चढला की बाकीचे त्याला खाली ओढतात, हा विनोद आपण एकमेकांना इतका सांगितलाय की तो आता सातबाऱ्यावरच चढायचा बाकी आहे. गंमत अशी की फिलिपिन्सची माणसं हाच विनोद स्वतःबद्दल सांगतात. आणि 'स्टीम' या क्रिप्टोचलनाच्या मांडणीपत्रातही (म्हणजे योजना समजावणाऱ्या 'व्हाइट पेपर'मध्येही) तो आहे, तिथे मात्र तक्रार म्हणून नाही, योजना म्हणून!

स्टीमवर चालणारं 'स्टीमिट' २०१६ साली सुरू झालं. लिहा, लोकांनी मत दिलं की चलन मिळवा. रोज नवं चलन तयार होऊन एका सामायिक हंड्यात पडायचं आणि मतांच्या प्रमाणात वाटलं जायचं. मताचं वजन ज्याच्याकडे चलन जास्त त्याचं जास्त. कुणी उलटं मत दिलं तर त्या लेखाची कमाई घटायची आणि तेवढी रक्कम हंड्यात परत जाऊन बाकीच्यांच्या वाट्याला यायची. मांडणीपत्र म्हणतं, गैरफायदा घेणाऱ्यांना रोखायला टोपलीवर झाकण नको, भिंती निसरड्या करा आणि उरलेल्या खेकड्यांना ओढायची ताकद द्या, पुरे. चांगल्या लेखाला वेळेत मत देणाऱ्यालाही कमाईत वाटा होता, आधी चौथाई, २०१९ पासून निम्मा. कागदावर हे औदार्याला दिलेलं बक्षीस. प्रत्यक्षात दाद ही गुंतवणूक झाली. न वाचता आपोआप मत देणारे प्रोग्रॅम, म्हणजे बॉट, आले, मतं भाड्याने मिळू लागली. वाचक म्हणून मला यातलं सर्वांत वाईट हेच वाटतं. मत्सर एक वेळ परवडला, निदान तो कथा वाचून तरी होतो.

मानववंशशास्त्रज्ञ जॉर्ज फॉस्टर यांनी १९६५ साली मेक्सिकोतल्या खेड्याच्या अभ्यासावरून एक कल्पना मांडली होती. जमीन, पैसा, मान, नशीब, सगळं मोजकंच आहे असं गावाने धरलं की एकाचं वाढलं म्हणजे दुसऱ्याचं कमी झालंच. खेड्यात ही निदान समजूत होती. हंडा वाटणाऱ्या व्यवस्थेत ते गणितच आहे: मित्राला मिळालेला रुपया खरोखर माझ्या वाट्यातून जातो. पहिल्या दहांची यादी लावणाऱ्या अ‍ॅपवरही तेच, अकराव्याला जागा नाही.

याच फॉस्टरनी पुढे १९७२ साली हेव्यावर लांबलचक निबंध लिहिला. भाग्य उजळलं की इतरांना काहीतरी खाऊ घालायची रीत ही हेवा शांत करण्याची युक्ती आहे, असं त्यांचं म्हणणं. पुण्यात हे समजावून सांगायला निबंध लागत नाही. दहावीचा निकाल, नवी स्कूटर, मुलगी झाली, काहीही सांगा, पहिला प्रश्न 'पेढे कुठायत?' व्हॅन डे व्हेन यांच्या गटाने २०१० साली हे प्रयोगशाळेत तपासलं. काही जणांना पैसे मिळाले, जोडीदाराला नाही. मग त्या जोडीदाराच्या हातातली खोडरबरं पडली. आपल्याला मिळालं ते फुकटचं, तेव्हा समोरचा जळत असणार, असं ज्यांना वाटत होतं, त्यांनी ती उचलायला जास्त मदत केली. औदार्यातला काही भाग हा दृष्ट काढण्याचाच प्रकार म्हणायचा. अ‍ॅपवर पहिल्या आलेल्याला पेढा द्यायला हात नाही आणि घ्यायला दारही नाही. तो फार तर हात जोडलेलं चित्र टाकतो.

हंडा नसेल तर काय होतं, तेही पाहिलं गेलंय. विकिपीडियावर एकमेकांना 'बार्नस्टार' नावाचा तारा द्यायची पद्धत आहे. पैसे नाहीत, संख्येची मर्यादा नाही, कुणाच्या वाट्यातून काही जात नाही. २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात सर्वाधिक काम करणाऱ्या १ टक्का संपादकांमधून २०० जण निवडले आणि चिठ्ठ्या टाकल्यासारखे १०० जणांना तारे दिले. पुढच्या ९० दिवसांत तारा मिळालेल्यांचं काम बाकीच्यांपेक्षा ६० टक्के जास्त भरलं. एक शाबासकी, तीही फुकटातली.

मध्ये मी मुद्दाम गणेश पेठेतल्या मासळी बाजारात जाऊन खेकड्यांची टोपली बघितली. वर ओलं पोतं दाबून बसवलेलं.

"मावशी, झाकण कशाला?"

"पळत्यात ना मेले," त्या म्हणाल्या. "किती किलो देऊ?"

खेकडा मत्सराने ओढत नाही, पायाला जे लागेल ते धरून तो स्वतः वर चढू बघतो. टोपली आपण आणली, खेकड्याने नाही. उत्तर ऑस्ट्रेलियाच्या चिखलात, जिथे टोपली नसते, एक नांगी अवाढव्य असलेल्या फिडलर खेकड्यांमध्ये वेगळंच दिसतं. शेजारच्या लहान नराच्या बिळावर कुणी परका चाल करून आला, तर मोठा नर स्वतःचं बीळ सोडून शेजाऱ्याच्या बाजूने लढायला जातो. पॅट्रिशिया बॅकवेल आणि मायकेल जेनियन्स यांनी २००४ साली हे नोंदवलं. यात पुण्यकर्म नाही: ओळखीचा कमकुवत शेजारी परवडतो, नवा दांडगा शेजारी आला तर त्याच्याशी पुन्हा पहिल्यापासून भांडावं लागतं.

रविवारी मित्र पेढ्यांचा पुडा घेऊन घरी आला. माझ्या हातावर दोन ठेवले, एक आईला दिला. मग सोफ्यावर बसून मोबाइल दाखवत म्हणाला, "सगळे पाच आहेत रे. एकच कुणीतरी चार दिलेत. तेवढ्याने सरासरी खाली आली."

"असेल कुणीतरी," मी म्हणालो आणि दुसरा पेढा तोंडात टाकला.