कान किती वेळा फुटला? पालकांच्या आठवणीची पार्श्वभूमी

मुलाला कानाचा आजार झाला होता का, याचं उत्तर आईवडील बहुधा बरोबर देतात. किती वेळा झाला, असं विचारलं की आकडा डगमगतो. 1963 साली अमेरिकेत तीन वर्षांच्या मुलांच्या पालकांची संगोपनाबद्दलची उत्तरं आधीच्या नोंदींशी ताडून पाहिली, तेव्हा चुका तज्ज्ञांच्या सल्ल्याकडे झुकलेल्या निघाल्या. 1978 चा घशाचा अभ्यास अधिक बोलका आहे: घसा वारंवार येतो असं घरच्यांनी सांगितलेल्या, पण कागदोपत्री नोंद नसलेल्या 65 मुलांवर लक्ष ठेवलं, तेव्हा तेवढा त्रास फक्त 11 जणांत दिसला.

कानाच्या बाबतीत खरा वाद आहे तो मोजणीचा. सहा महिन्यांत 3, किंवा वर्षात 4 आणि त्यातला एक गेल्या सहा महिन्यांतला, असा संसर्ग झाला की पडद्यात बारीक नळी बसवण्याचा विचार होतो. हा उंबरठा आठवणीवर ठरवणं धोक्याचं आहे. औषध तिसऱ्या दिवशी बंद केलं आणि आठवड्याने कान पुन्हा ठणकला, तर आई दोनदा मोजते. तो बहुधा एकच न मिटलेला संसर्ग असतो. दुसरीकडे दोन वर्षांखालचं मूल तापाने फणफणतं, रात्रभर रडतं, पण कानातून काही येत नाही. ते घरी सर्दी-तापात जमा होतं. संसर्गानंतर पडद्यामागे पाणी राहतं, कधी तीन महिनेही. ते दुखत नसल्याने हाक ऐकू न येणं हट्टीपणावर जातं.

मराठवाड्यात ‘कान फुटला का?’ असंच विचारलं जातं, म्हणून पडदा फुटून पू आलेलीच वेळ सापडते. पू बाहेर आला की आतला दाब उतरतो, ठणका थांबतो, मूल झोपतं आणि घरच्यांना बरं झालंसं वाटतं. बीडकडची ऊसतोड कुटुंबं दिवाळीच्या सुमारास निघतात ती उन्हाळ्याच्या तोंडावर परततात. मधल्या उपचाराची चिठ्ठी बऱ्याचदा फडावरच हरवते.

जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफच्या 1990 च्या दशकातल्या बालआरोग्य मार्गदर्शिकेने प्रश्न सुटसुटीत केले: कान दुखतो का, पू येतो का, किती दिवस? पू 14 दिवसांच्या आतला असेल तर संसर्ग तीव्र, 14 किंवा जास्त झाले तर जुनाट. राष्ट्रीय पाहण्याही ताप-जुलाबांसाठी दोनच आठवडे मागे जातात. एवढ्या काळातलं आठवतं खरं, पण वारंवारता त्यात दिसत नाही. त्यासाठी तारीख न विचारता पोळ्याआधी की नंतर, सोयाबीन काढणीत की वेळ अमावस्येला (मार्गशीर्षातल्या शेतपूजेच्या सणाला), असं विचारावं. कोणता कान, उशीवर डाग पडला का, मधे किती दिवस पूर्ण बरं होतं, हे प्रत्येक वेळेसाठी वेगळं लिहावं. आता चिठ्ठीचा फोटो मोबाइलमध्ये सापडतो; तो मिळाला तर तोंडी आकड्याआधी तोच धरावा.