न्यूक्लिऑनची रचना आणि अणुकेंद्रीय बल : सैद्धांतिक मॉडेल्स

प्रोटॉन आणि न्यूट्रॉन या दोघांचं सामाईक नाव न्यूक्लिऑन, आणि त्यांना अणुकेंद्रात एकत्र बांधून ठेवतं ते अणुकेंद्रीय बल. हे बल 2 ते 3 फर्मीच्या पुढे जवळजवळ संपतं (1 फर्मी म्हणजे 1 मीटरच्या लाख कोटीव्या भागाचाही हजारावा भाग), पण त्या टप्प्याच्या आत ते प्रोटॉन-प्रोटॉनमधल्या विद्युत ढकलाढकलीला सहज मागे टाकतं. न्यूक्लिऑन आतून कसा आहे आणि दोन न्यूक्लिऑन एकमेकांना कसे ओढतात, हे दोन प्रश्न कॉलेजच्या पुस्तकात वेगवेगळ्या चॅप्टरमधे येतात, पण इतिहास पाहिला तर ते पहिल्यापासून एकमेकांत गुंतलेले आहेत आणि एकाचं उत्तर बदललं की दुसऱ्याची मांडणी पुन्हा करावी लागली आहे.

सुरुवात कुठून धरायची यावर एकमत नाही. 1932 मधे चॅडविकनी न्यूट्रॉन शोधला आणि त्याच वर्षी हायझेनबर्गनी लिहिलं की हायड्रोजनच्या रेणू-आयनमधे एकच इलेक्ट्रॉन दोन प्रोटॉनमधे ये-जा करून त्यांना बांधतो तसंच काहीसं न्यूट्रॉन-प्रोटॉनमधे होत असावं. यात अडचण अशी की इलेक्ट्रॉन न्यूट्रॉनमधून निघाला असं धरलं तर स्पिनचा (कणाच्या अंगभूत फिरकीचा) हिशोब जुळत नाही. 1933 मधे मायोरानानी अदलाबदलीचं रूप बदललं, त्यामुळे अल्फा कण (दोन प्रोटॉन आणि दोन न्यूट्रॉनचं केंद्र) इतका पक्का का आणि मोठ्या केंद्रांतही दर न्यूक्लिऑनमागे बंधन-ऊर्जा 8 एमईव्हीच्या (दहा लाख इलेक्ट्रॉन-व्होल्ट, ऊर्जेचं आणि कणांच्या वस्तुमानाचंही एकक) आसपासच का राहते हे समजायला लागलं. पुढच्या वर्षी टाम आणि इवानेंको यांनी इलेक्ट्रॉन-न्यूट्रिनो जोडीची देवाणघेवाण धरून बल काढून पाहिलं, ते हवं त्याच्या जवळपाससुद्धा आलं नाही, फारच कमकुवत निघालं. काही लेखक हायझेनबर्गना जनक मानतात, पण देवाणघेवाणीची कल्पना त्यांची आणि त्यासाठी एक नवा कणच मांडायचं धाडस हिदेकी युकावांचं, ही वाटणी जास्त न्याय्य वाटते.

ओसाकात काम करणाऱ्या युकावांना हे 1934 च्या शरद ऋतूत सुचलं, निबंध 1935 मधे छापून आला. त्यातला हिशोब कुणालाही करून बघता येतो. बल पोचवणारा कण जितका जड तितका बलाचा पल्ला कमी, आणि 197 ला पल्ल्याने (फर्मीत) भागलं की कणाचं वस्तुमान एमईव्हीत मिळतं. पल्ला 2 फर्मी धरा, उत्तर येतं सुमारे 98, म्हणजे इलेक्ट्रॉनच्या जवळपास 200 पट. विद्युत पोटेन्शियल (ज्यावरून बल काढतात ते सूत्र) अंतराच्या व्यस्त प्रमाणात कमी होतं, युकावांच्या पोटेन्शियलमधे त्याला घातांकी ऱ्हासाचा गुणक जोडलेला आहे, आणि सगळी जादू त्या एका गुणकात आहे.

1936-37 मधे वैश्विक किरणांत साधारण याच वस्तुमानाचा कण सापडला, अँडरसन आणि नेडरमायर यांनी, आणि जवळपास त्याच वेळी स्ट्रीट आणि स्टीव्हन्सन यांनी. नावावरूनच गोंधळ झाला. अँडरसन-नेडरमायर यांना 'मेसोटॉन' हवं होतं, मिलिकननी मधे 'र' घालायला लावून 'मेसोट्रॉन' केलं, कुणी 'युकॉन'ही म्हणत होतं. 1939 मधे होमी भाभांनी 'नेचर'मधे लिहिलं की इलेक्ट्रॉन आणि न्यूट्रॉनमधलं 'ट्र' त्यांच्या मूळ शब्दांतूनच आलेलं आहे, ग्रीक 'मेसो'त ते नाहीच, म्हणून साधं 'मेसॉन' म्हणावं. पुढे तेच नाव टिकलं.

खरा घोळ मात्र कण कोणता यात होता आणि तो दहा वर्षं चालला. रोममधे युद्धकाळात प्रयोग सुरू करणाऱ्या कोन्व्हेर्सी, पांचिनी आणि पिच्चिओनी यांनी 1947 मधे दाखवून दिलं की ऋण मेसोट्रॉन लोखंडात शोषले जातात पण कार्बनमधे निवांत विघटन पावतात, तर युकावांचा कण कार्बनच्या केंद्रानेही क्षणात गिळायला हवा होता. फर्मी, टेलर आणि वाइसकॉफ यांनी तफावत काढली ती 10 च्या 12 व्या घाताइतकी. म्हणजे सापडलेला कण युकावांचा नव्हताच, तो आजचा म्यूऑन. दोन वेगळे मेसॉन असावेत हे जपानमधे साकाता आणि इनोउए यांनी 1942 च्या सुमारास मांडलं होतं, पण युद्धामुळे ते बाहेर उशिरा पोचलं आणि 1947 मधे मार्शाक-बेथे यांनी स्वतंत्रपणे तेच सुचवलं. श्रेय वाटताना साकातांचं नाव बरेचदा मागे राहतं ते बरोबर नाही.

त्याच वर्षी ब्रिस्टलमधे पॉवेल, ओक्यालिनी, लात्तेस आणि म्यूरहेड यांनी डोंगरमाथ्यांवर ठेवलेल्या फोटोग्राफिक प्लेट्समधे पायॉन, म्हणजे युकावांचा खरा कण, दाखवला. सूक्ष्मदर्शकाखाली हे दृश्य फार देखणं असतं. एक काळी ठिपक्यांची रेघ वेग कमी होत जाईल तशी दाट होत थांबते, तिथूनच दुसरी रेघ, म्यूऑनची, कोनात फुटते, आणि ही दुसरी रेघ दर वेळी साधारण 600 मायक्रॉनचीच. लांबी ठरलेली, म्हणजे म्यूऑनची ऊर्जा ठरलेली, म्हणजे थांबलेल्या पायॉनचे दोनच तुकडे झाले, दुसरा न दिसणारा. चार्ज असलेल्या पायॉनचं वस्तुमान 139.6 एमईव्ही, इलेक्ट्रॉनच्या 273 पट. 197 ला यानं भागा, 1.4 फर्मी येतं. युकावांना 1949 चं नोबेल मिळालं, पॉवेलना 1950 चं.

इथे डी. एम. बोस आणि बिभा चौधुरी या भारतीय भौतिकशास्त्रज्ञांची आठवण ठेवायलाच हवी. 1938 पासून त्यांनी दार्जिलिंग परिसरात, संदकफूसारख्या उंचीवर प्लेट्स ठेवून मेसॉनचं वस्तुमान इलेक्ट्रॉनच्या 200 पटीच्या आसपास काढलं होतं, पण युद्धात चांगल्या प्लेट्स मिळेनात आणि काम थांबलं. त्या साध्या प्लेट्सवर पायॉन आणि म्यूऑन वेगळे ओळखता येणं कठीण होतं, त्यामुळे 'शोध त्यांचाच' असं छातीठोकपणे म्हणता येत नाही, पण पद्धत त्यांनी आधी वापरली हे पॉवेल आणि सहकाऱ्यांनीही पुढे नोंदवलं. चौधुरी 1949 मधे मुंबईच्या टीआयएफआरमधे (टाटा मूलभूत संशोधन संस्था) रुजू झाल्या.

आता न्यूक्लिऑनच्या आत. प्रोटॉन बिंदूसारखा असता तर त्याचं चुंबकीय आघूर्ण (छोट्या चुंबकासारखी त्याची ताकद) 1 एकक आलं असतं, 1933 मधे श्टेर्न आणि सहकाऱ्यांना ते अडीचच्या आसपास मिळालं, आजचा आकडा 2.793. न्यूट्रॉनला चार्ज नाही तरी −1.913. मेसॉन सिद्धांताचं उत्तर असं की न्यूट्रॉन काही काळ 'प्रोटॉन अधिक ऋण पायॉन' अशा रूपात असतो, पायॉन बाहेर फिरतो म्हणून चिन्ह ऋण. चिन्हं बरोबर आली, आकडे नीट बसले नाहीत. 1950 च्या दशकात हॉफस्टॅटरनी स्टॅनफर्डला इलेक्ट्रॉन आपटून प्रोटॉनला आकार आहे हे मोजून दाखवलं, आणि 1964 च्या क्वार्क कल्पनेने (न्यूक्लिऑन तीन लहान क्वार्कांचा बनलेला) दोन आघूर्णांचं गुणोत्तर −1.5 दिलं, प्रत्यक्षात ते −1.46 आहे. इतक्या साध्या मॉडेलसाठी हे फारच जवळचं आहे.

क्वार्क बाहेर का पडत नाहीत हे 1974 च्या एमआयटी बॅग मॉडेलमधे गृहीतच धरलं: निर्वाताचा दाब क्वार्कना पिशवीत कोंडतो. पण पिशवीची त्रिज्या 1 फर्मी, आणि अणुकेंद्रात शेजारच्या न्यूक्लिऑनमधलं सरासरी अंतर 1.8 फर्मी! म्हणजे पिशव्या एकमेकींत घुसणार, मग वेगवेगळे न्यूक्लिऑन धरून केलेलं सगळं अणुकेंद्रशास्त्र इतकं चांगलं चालतं कसं? ब्राउन-रो यांनी 1979 मधे पिशवीच बरीच लहान केली आणि बाहेर पायॉन फील्ड ठेवलं. थॉमस, मिलर आणि तेबेर्ज यांच्या क्लाउडी बॅगमधे पिशवी मोठी राहते पण तिच्याभोवती पायॉनचा ढग असतो, आणि हा मधला मार्ग जास्त पटतो, कारण युकावांचं बाहेरचं बलही त्यात शाबूत राहतं. स्किर्मनी 1961 मधे क्वार्क न घेताच निव्वळ पायॉन फील्डला पडलेला पीळ म्हणजे न्यूक्लिऑन असं मांडलं, ते वीसेक वर्षं बाजूला पडून होतं, 1983 मधे विटेनमुळे पुन्हा चर्चेत आलं.

बलाच्या बाजूला 1939 मधे राबींच्या गटाला ड्युटेरॉन (एक प्रोटॉन आणि एक न्यूट्रॉनचं केंद्र) गोल नसून किंचित लांबट आहे हे सापडलं, म्हणजे बल स्पिनच्या दिशेवरही अवलंबून. 1951 मधे जास्ट्रोनी आतला कठीण गाभा सुचवला, अर्ध्या फर्मीच्या आसपास आकर्षणाचं प्रतिकर्षण होतं. हे ओमेगा मेसॉनमुळे (पायॉनहून बराच जड मेसॉन) की क्वार्कच्याच नियमांमुळे यावर वाद आहे. पॅरिस, बॉन, अर्गोन व्ही-18 ही नंतरची पोटेन्शियल्स. अर्गोनवालं 1995 चं, त्यात 40 आकडे जुळवलेले आणि 4,300 च्या आसपास मोजमापं त्यात नीट बसतात. तरी ट्रिटियमच्या (एक प्रोटॉन, दोन न्यूट्रॉन) केंद्राची बंधन-ऊर्जा त्यातून 7.6 येते आणि खरी आहे 8.48 एमईव्ही, ही तूट भरायला तीन न्यूक्लिऑनांचं मिळून बल लागतं, जे फुजिता आणि मियाझावा यांनी 1957 मधेच मांडलं होतं. 1990 पासून वाइनबर्गच्या मार्गाने हे सगळं कायरल सिद्धांतात (क्वार्क-सिद्धांताच्या सममितींवर बेतलेल्या मांडणीत) पायरीपायरीने बसवतात, तिथेही सगळ्यात बाहेरची पायरी एका पायॉनचीच.

थेट क्वार्क आणि त्यांना जोडणाऱ्या ग्लूऑनच्या समीकरणांतून हे बल काढायचा प्रयत्न इशिई, आओकी आणि हात्सुदा यांनी 2007 मधे संगणकावर केला, आतला गाभा आणि बाहेरचं आकर्षण दोन्ही आलेखात उमटले, मात्र त्या गणनेतला पायॉन खऱ्यापेक्षा जवळजवळ चौपट जड होता.