टिंब, तिरपी रेघ आणि सोसायटीचं विकी

मुलुंडला आमच्या सोसायटीचं एक विकी आहे. वार्षिक सभांची इतिवृत्तं, टाक्या धुतल्याच्या तारखा, कुठल्या विंगला कुठून गळतं आणि मागच्या वेळी प्लंबरने काय केलं होतं, असा सगळा संसार त्यात आहे. ऑफिसातल्या जुन्या डेस्कटॉपवर लिनक्स टाकलंय आणि त्यावर डॉकरमध्ये (प्रोग्रामला 'कंटेनर' नावाच्या वेगळ्या डब्यात चालवणारं सॉफ्टवेअर) मीडियाविकी चालतं. विकिपीडियामागे जे सॉफ्टवेअर आहे, तेच. पुनर्विकासाची बोलणी सुरू झाल्यापासून तर त्याच्याशिवाय कुणाचं पान हलत नाही.

जूनमधल्या एका रविवारी मी त्या मशीनची साफसफाई काढली. कंटेनर रीतसर बंद केले, 'विकी' नावाच्या फोल्डरचं नाव बदलून 'सोसायटी' केलं आणि सगळं पुन्हा सुरू केलं. दहा मिनिटांत सेक्रेटरी काकांचा फोन. "अरे, डेटाबेसची कसलीतरी एरर दाखवतंय. सगळं गेलं की काय?"

गेलं काहीच नव्हतं. पण फोल्डरचं नाव बदलल्याने डेटाबेस रिकामा का व्हावा, हे कळायला बाइंड माउंट आणि व्हॉल्यूम यांच्यातला फरक डोक्यात पक्का असावा लागतो. माझ्या डोक्यात तो तोवर अर्धामुर्धाच होता.

कंटेनर काढून नवा बनवला की त्याच्या पोटात लिहिलेलं सगळं जातं. म्हणून जे टिकवायचं ते बाहेर ठेवायचं. त्याचे हे दोन मार्ग, आणि गंमत म्हणजे कंपोझ फाइलमध्ये (कुठले कंटेनर कसे चालवायचे ते तिच्यात लिहायचं, आणि ती वाचून ते उभं करणारं डॉकरचं साधन म्हणजे कंपोझ) दोन्ही एकाच साच्यात लिहितात: डावीकडे काहीतरी, मग विसर्गासारखी दोन टिंबं, मग कंटेनरच्या आतला पत्ता. डावीकडचा मजकूर टिंब आणि तिरपी रेघ किंवा नुसत्या तिरप्या रेघेने सुरू झाला, तर तो मशीनवरच्या फोल्डरचा पत्ता. म्हणजे बाइंड माउंट. नुसतंच 'इमेजेस' असं लिहिलं, तर ते व्हॉल्यूमचं नाव. टिंब-रेघ विसरलात तर कंपोझ निदान 'हा व्हॉल्यूम खाली जाहीर केलेला नाही' म्हणून अडून बसतं. साधं 'डॉकर रन' (कंपोझशिवाय एक कंटेनर चालवायची कमांड) मात्र गुपचूप नवा व्हॉल्यूम बनवतं आणि पुढे जातं. मग आपण आपल्या फोल्डरमध्ये फोटो शोधत बसायचं.

बाइंड माउंट म्हणजे घरचा पोटमाळा. शिडी लावली की हात पोचतो, पण आवरायचा आपणच. व्हॉल्यूम म्हणजे स्टेशनच्या क्लोक रूममध्ये ठेवलेली बॅग. ती कुठल्या फळीवर आहे ते त्यांना ठाऊक. आपल्याकडे फक्त पावती. (लिनक्सवर ती फळी सहसा /व्हार/लिब/डॉकर/व्हॉल्यूम्स या फोल्डरात असते, पण तिथे हात घालायची वेळ येऊ नये.)

माझा घोळ पावतीचाच होता. कंपोझ व्हॉल्यूमच्या नावाआधी प्रोजेक्टचं नाव जोडतं, आणि वेगळं काही सांगितलं नसेल तर फोल्डरचं नाव हेच प्रोजेक्टचं नाव. काल 'विकी_डीबी' होता. आज कंपोझने 'सोसायटी_डीबी' मागितला, तो सापडला नाही, म्हणून कोरा बनवला. मारियाडीबीला, म्हणजे डेटाबेस सांभाळणाऱ्या प्रोग्रामला, रिकामी जागा दिसली, तिने निमूटपणे नवा डेटाबेस उभा केला. सेटिंगची फाइल मात्र बाइंड माउंटने बाजूच्याच फोल्डरातून येत होती, ती जागेवरच होती. त्यामुळे मीडियाविकी आत्मविश्वासाने डेटाबेसपर्यंत गेलं आणि तिथे एकही तक्ता नाही म्हणून ओरडलं. व्हॉल्यूमची यादी दाखवणारं 'डॉकर व्हॉल्यूम एलएस' केल्यावर दोन्ही नावं एकाखाली एक दिसली, तेव्हा जिवात जीव आला. फोल्डरला जुनं नाव दिलं, काकांना चहा पाजला आणि नंतर कंपोझ फाइलच्या पहिल्याच ओळीत प्रोजेक्टचं नाव कायमचं लिहून टाकलं.

बाइंड माउंट वेगळ्या तऱ्हेने छळतो. मीडियाविकी पहिल्यांदा उभं करताना ब्राउझरमध्ये प्रश्नोत्तरं होतात (डेटाबेसचा होस्ट, म्हणजे तो कुठे चालतो ते, विचारल्यावर 'लोकलहोस्ट' नाही, कंपोझमधलं डेटाबेस सर्व्हिसचं नाव द्यायचं), आणि शेवटी लोकलसेटिंग्ज.पीएचपी ही सेटिंगची फाइल डाउनलोड होते. ती कंपोझ फाइलशेजारी ठेवायची आणि मगच माउंटची ओळ चालू करायची. लोक घाई करतात, ओळ आधीच लिहून ठेवतात. डॉकर बघतं, डावीकडच्या पत्त्यावर काहीच नाही. मग ते आपल्या मनाने तिथे त्याच नावाचं फोल्डर बनवतं. हो, लोकलसेटिंग्ज.पीएचपी नावाचं फोल्डर. खरी फाइल तिथे कॉपी करायला जावं, तर ती त्या फोल्डरच्या पोटात जाऊन बसते आणि विकी आहे तिथेच. उपाय सोपा आहे: कंटेनर बंद करून काढून टाका, ते फोल्डर उडवा, फाइल जागेवर ठेवा, पुन्हा सुरू करा. 'डॉकर रन'ला लांबलचक 'माउंट' पर्याय दिला तर पत्ता नसल्यावर ते सरळ नकार देतं. मला तो उद्धटपणा जास्त आवडतो.

दुसरा छळ परवानग्यांचा. कोरा व्हॉल्यूम कंटेनरमधल्या भरलेल्या फोल्डरवर लावला, तर डॉकर आतला माल आधी व्हॉल्यूममध्ये उतरवून घेतं, मालकीहक्कासकट. बाइंड माउंट असलं काही करत नाही. रिकामं फोल्डर लावलं तर आतलं सगळं झाकलं जातं, आणि मालकी मशीनवर असेल तीच राहते. मीडियाविकीच्या अधिकृत अपाचे इमेजमध्ये (इमेज म्हणजे ज्यावरून कंटेनर बनतो तो साचा) वेब सर्व्हर ज्या नावाने वावरतो, त्याचा वापरकर्ता क्रमांक ३३. अपलोडचं फोल्डर रूटच्या, म्हणजे मशीनच्या मुख्य खात्याच्या, नावावर असेल, तर गळतीचा फोटो चढवायला गेलेल्या काकूंना 'लिहिता येत नाही' असंच उत्तर मिळणार. फोल्डरची मालकी ३३ला दिली की काम होतं. अर्थात, मीडियाविकीत अपलोड मुळातच बंद असतात, ते सेटिंगमध्ये चालू करायला विसरू नका. त्यावर माझी एक अख्खी संध्याकाळ गेलीय.

मग काय कुठे ठेवायचं? मी आता डोकं चालवत नाही. जे मी हाताने उघडून बदलतो, ते बाइंड माउंटमध्ये: लोकलसेटिंग्ज, लोगो, अपलोड. ज्यात फक्त प्रोग्रामनेच लिहायचं, तो डेटाबेस व्हॉल्यूममध्ये. विंडोज किंवा मॅकवर डॉकर डेस्कटॉप वापरत असाल तर डेटाबेससाठी व्हॉल्यूमच घ्या. तिथे डॉकर एका आभासी लिनक्स मशीनमध्ये चालतं आणि बाइंड माउंटची प्रत्येक फाइल ती वेस ओलांडून ये-जा करते. डेटाबेस रांगायला लागतो.

एक जागा अशी आहे जिथे पोटमाळाच बरा वाटतो. कंटेनर बंद करून काढणाऱ्या 'डॉकर कंपोझ डाउन'ने व्हॉल्यूमला धक्का लागत नाही, पण त्यापुढे डॅश व्ही लावलं की कंपोझ फाइलमधले व्हॉल्यूम पुसले जातात, विचारणा न करता. 'डॉकर रन'मध्ये तेच डॅश व्ही म्हणजे 'हे लाव'. हे ज्याने ठरवलं त्याला मी दंडवत घालतो. बाइंड माउंटमधल्या फाइलींना त्याने काहीही होत नाही.

म्हणून आमच्याकडे रोज रात्री मारियाडीबीचा डंप, म्हणजे डेटाबेसमधली सगळी माहिती उतरवलेली फाइल, निघतो आणि तो बाइंड माउंट केलेल्या फोल्डरात पडतो. चालू डेटाबेसच्या फाइली नुसत्या कॉपी करून भागत नाही, लिहिणं अर्धवट असताना घेतलेली प्रत बिघडलेली निघू शकते. शनिवारी काका तो डंप आणि अपलोडचं फोल्डर पेन ड्राइव्हवर घेतात आणि लोखंडी कपाटात, शेअर सर्टिफिकेटच्या रजिस्टरवर ठेवतात.